पिल्लांचे पहिले एकवीस दिवस आणि घरातली पोरं



गेल्या पौषात आमच्या बचत गटातल्या सहा जणींनी मिळून एक दिवसाची पिल्लं आणली. प्रत्येकीच्या वाट्याला ५० आली. एकाच गाडीतून, एकाच दिवशी. तीन आठवड्यांनी हप्त्याच्या बैठकीत मोजदाद झाली तेव्हा एकीकडं ४७ जगली होती आणि एकीकडं २१. जिची मेली ती म्हणाली, "पोरांनी हाताळून मारली. दिवसभर खोक्यात हात." तिच्या सासूबाई तर म्हणाल्या, पोरांना पिल्लांच्या वाऱ्यालासुद्धा उभं करू नये. आणि जिची ४७ जगली ती म्हणाली, "आमच्यात तर पोरीनंच जगवली."

मी गावात पशुसखीचं काम करते, म्हणून दोन्ही घरी जाऊन बघितलं. पहिल्या घरात पोरांचा दोष थोडा होता, बल्बचा जास्त. दुसऱ्या घरातली पोरगी पिल्लांना फारसा हातच लावत नव्हती. शाळेला जायच्या आधी, शाळेतून आल्यावर आणि रात्री जेवायच्या आधी ती पिल्लांपुढं उकिडवी बसायची, बघायची आणि आईला सांगायची. बस, एवढंच. पण त्या एवढ्यातच सगळं आलं. म्हणून आज मी दोन्ही गोष्टी बोलणार आहे. पिल्लू कशानं मरतं, आणि त्यातलं कोणतं काम पोराला द्यायचं नि कोणतं अजिबात द्यायचं नाही.

खुडूक कोंबडीपासून सुरुवात करू, कारण ती आपल्याला सगळं शिकवते. घरची गावठी कोंबडी खुडूक झाली की आपण पाटीत भुसकट घालून तिच्याखाली अंडी ठेवतो. दहा-बारा अंडी पुरे. हौसेनं वीस ठेवली तर कडेची तिच्या पोटाखाली मावत नाहीत. ती कडेची आत ओढते तेव्हा आतली बाहेर जातात, आणि शेवटी सगळीच अर्धवट ऊब खातात. अंडी आठ दिवसांच्या आतली घ्या आणि धुऊ नका. अंड्याच्या कवचावर पातळ थर असतो. तो धुतला गेला की घाण आत शिरायला वाट मिळते.

सातव्या-आठव्या रात्री पोरांना जवळ घ्या आणि अंधारात मोबाईलच्या बॅटरीवर अंडं धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात, मध्ये काळा ठिपका. ते जिवंत. नुसतं पिवळसर स्वच्छ दिसलं तर त्यात पिल्लू नाही. माझ्या धाकटीनं पहिल्यांदा शिरा बघितल्या तेव्हा तिनं किंचाळून अंडं सोडलंच होतं. तेव्हापासून आमच्यात अंडं मोठ्यानं धरायचं आणि पोरांनी बघायचं, असा नियम आहे. आणि हे एकदाच करायचं. अठराव्या दिवसानंतर तर कोंबडीला उठवायचंच नाही.

एकविसाव्या दिवशी पोरांची खरी परीक्षा असते. अंड्याला टोच पडते, आतून चिवचिव ऐकू येते, आणि तासन् तास पुढं काही होत नाही. पोरं म्हणतात, आई, अडकलंय, आपण कवच काढू. काढायचं नाही. कवचाच्या आतल्या पापुद्र्यात अजून रक्ताच्या शिरा जिवंत असतात. घाईनं सोललं तर रक्त येतं आणि पिल्लू जातं. टोच पडल्यापासून पूर्ण बाहेर यायला एक दिवस-रात्रही लागू शकते. मधल्या वेळात ते दम खातं, शिरांमधलं रक्त अंगात ओढून घेतं, उरलेला बलक पोटात घेतं. पोटातल्या त्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस काढतं. म्हणून तर एक दिवसाची पिल्लं खोक्यात घालून लांबच्या गावाहून आणता येतात.

आता बाहेर आलेल्या पिल्लांकडं पोरांना बघायला सांगा. पिल्लू चार दाणे टिपतं, पळत येऊन आईच्या पोटाखाली शिरतं, थोड्या वेळानं पंखांतून डोकं बाहेर काढतं, परत चरायला जातं. दिवसातून कितीतरी वेळा. असं का करतं? कारण त्याच्या अंगावर नुसती लव आहे, पिसं नाहीत. स्वतःचं अंग स्वतः ऊबदार ठेवायची ताकद त्याला अजून आलेली नाही. ती यायला तीन-चार आठवडे जातात. तोवर त्याची ऊब म्हणजे आई.

आपण जी वनराज, गिरिराज म्हणून पिल्लं घेतो, ती मशीनमध्ये उबवलेली असतात. वनराज हैदराबादच्या संशोधन केंद्रात तयार झाली, गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठात. अंडी जास्त, वजन चांगलं, परसात फिरून खाणारी. पण या पिल्लांना आई नाही. खोकं घरात आलं त्या क्षणापासून ती आई म्हणजे आपण, आणि हे ज्या घरात विसरलं जातं तिथं मरतूक होते. पहिल्या आठवड्यात मरणारी बरीचशी पिल्लं रोगानं मरत नाहीत. ती गारठून, ओली होऊन किंवा एकमेकांखाली चेंगरून मरतात.

ऊब किती लागते? पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास, पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी. आपल्याकडं थर्मामीटर नसतो, आणि त्याची गरजही नाही. पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा दीड फूट उंचीचा गोल करा. ५० पिल्लांना चार फूट रुंदीचा गोल पुरतो. गोलच हवा. चौकोनी खोकं असलं की पिल्लं कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. खाली दोन-तीन बोटं जाडीचं भाताचं तूस, नाहीतर लाकडाचा भुसा. आमच्या माणसारख्या भागात भात नाही, तर भुईमुगाच्या शेंगांची टरफलं बारीक करून घाला. पहिले तीन दिवस त्यावर जुनी वर्तमानपत्रं, म्हणजे पिल्लू भुसाच खात बसत नाही. कागद रोज बदला. गुळगुळीत, चकचकीत कागद नको. त्यावर पाय घसरून फाकतात आणि तसेच राहतात.

वर बल्ब. पिल्लामागं साधारण दोन वॅट धरायचे, म्हणजे ५० पिल्लांना १०० वॅट. त्यातही एक शंभरचा लावण्यापेक्षा दोन साठचे बरे. एक गेला तर दुसरा असतो. जमिनीपासून फूट-दीड फुटावर, मजबूत तारेनं किंवा साखळीनं वरच्या वाशाला बांधलेले. नुसत्या वायरवर लोंबकळणारा बल्ब तुसात पडला की आग लागते. आणि ज्या घरात २१ उरली तिथली चूक आता सांगते. तिथं एलईडी बल्ब होता. उजेड लख्ख, घरातला सगळ्यात भारी बल्ब. पण एलईडी उजेड देतो, ऊब जवळजवळ देतच नाही. पौषातल्या रात्री ती पिल्लं लख्ख उजेडात गारठली. बल्ब जुना, तारेचा, पिवळ्या उजेडाचाच हवा. हात जवळ नेला की चटका जाणवला पाहिजे. शेजारी शंभर घरांत विचारा, कुणाच्या तरी माळ्यावर असतोच.

आता पोरांचं काम. गोलाजवळ बसायचं, आवाज करायचा नाही, आणि पिल्लं कुठं बसली आहेत ते बघायचं. सगळी बल्बखाली गोळा होऊन मोठमोठ्यानं ओरडत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. बल्ब चार बोटं खाली घ्यायचा. बल्बपासून लांब, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर उकडतं आहे, बल्ब वर. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूनं वारा येतो आहे. दाराची फट, खिडकी, पत्र्याचं भोक शोधायचं. आणि सगळीकडं विखुरलेली, काही खातायत, काही पाय पसरून झोपलीत, बारीक समाधानाची किलबिल चालू आहे, तर सगळं ठीक. हे वाचायला आठ-नऊ वर्षांचं पोर दोन दिवसांत शिकतं. खरं सांगू, आपल्यापेक्षा लवकर शिकतं. आपल्याला धार काढायची असते, भाकरी टाकायची असते, आपण येता-जाता बघतो. पोर बसून बघतं.

बल्ब वर-खाली मात्र आपणच करायचा. पोरानं वायरला, होल्डरला हात लावायचा नाही. त्यानं फक्त येऊन सांगायचं.

माझ्या पहिल्या खेपेला हे मला माहीत नव्हतं. माझी थोरली तेव्हा तिसरीत होती. रात्री झोपताना म्हणाली, "आई, पिल्लं सगळी एकत्र बसलीत." मी म्हटलं, "झोपली असतील, तू पण झोप." रात्री लाईट गेली होती, मला कळलंही नाही. सकाळी ढिगाखालची १७ मेलेली निघाली. ती पोरगी त्या दिवशी शाळेत गेली नाही. काही बोलली नाही, पण मी तिचं ऐकलं नव्हतं हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. म्हणून सांगते, पोराला बघायचं काम दिलंत तर ते सांगेल तेव्हा उठून बघायला जा. नाहीतर चार दिवसांत ते सांगायचं बंद करतं.

लाईट जाणारच, हे धरून चाला. प्लास्टिकच्या बाटल्यांत कोमट-गरम पाणी भरून, जुन्या कापडात गुंडाळून गोलात ठेवा. पिल्लं तिला आईसारखी बिलगतात. वरून पोतं अंथरा, पण एका बाजूला हवेला वाट ठेवून. दोन-तीन तासांनी पाणी बदला. निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत ठेवू नका. निखाऱ्यांतून जो वायू निघतो त्याला वास नसतो, आणि त्यानं पिल्लंच काय, त्या खोलीत झोपलेली माणसंही दगावतात. रात्रीचं उठणं आपलं. पोरांना उठवू नका, त्यांची झोप आणि सकाळची शाळा मोडायची नाही.

आता हातात घ्यायचं. पोरं पिल्लू हातात घेणार नाहीत असं होत नाही, आणि घेऊ नका असं नुसतं ओरडलं तर आपण शेतात गेल्यावर घेतात. त्यापेक्षा शिकवा. पोरांना आधी एक गोष्ट सांगा. आपण श्वास घेतो तेव्हा छाती आणि पोटाच्या मधला पडदा खालीवर होतो. पक्ष्यांना तो पडदाच नसतो. त्यांची छातीच खालीवर झाली तर हवा आत जाते. म्हणजे मूठ आवळून पिल्लू धरलं, चोच मोकळी असली, तरी त्याला श्वास घेता येत नाही. पोर प्रेमानं आवळतं आणि पिल्लू हातातच मान टाकतं. हे कळलेलं पोर परत मूठ आवळत नाही. माझा अनुभव आहे, धाकानं जे होत नाही ते या एका गोष्टीनं होतं.

धरायचं कसं? जमिनीवर मांडी घालून बसायचं, दोन्ही तळव्यांची ओंजळ करायची, मोठ्यानं पिल्लू ओंजळीत ठेवायचं. उभं राहून नाही, कारण उडी मारली की खाली पडून पाय मोडतो. दोन-तीन मिनिटं, मग परत उबेत. आणलेल्या दिवशी आणि लस दिलेल्या दिवशी कुणीच हातात घ्यायचं नाही. पाच वर्षांखालच्या पोराच्या हातात पिल्लू द्यायचंच नाही.

त्या पाच वर्षांचं कारण वेगळं आहे, आणि ते आपल्या गावात फारसं कुणी सांगत नाही. पोरापासून पिल्लाला धोका असतो तसा पिल्लापासून पोरालाही असतो. साल्मोनेला नावाचे जंतू पिल्लांच्या आतड्यात राहतात, विष्ठेतून बाहेर पडतात, लवेला, पायांना, पाण्याच्या भांड्याला लागतात. पिल्लू मात्र ठणठणीत दिसतं. पोरानं पिल्लाचा मुका घेतला, गालाला लावलं, किंवा पिल्लू खाली ठेवून तसंच बिस्कीट खाल्लं, की जंतू पोटात. मग काही तासांपासून ते सहा दिवसांपर्यंत कधीही ताप, पोटात कळा, जुलाब. मोठं माणूस बहुतेक वेळा चार-सहा दिवसांत बरं होतं. पाच वर्षांखालचं लेकरू, म्हातारं माणूस आणि पोटुशी बाई यांना ते जड जाऊ शकतं.

माझा धाकटा तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. पिल्लाला गालाशी धरून झोपायचा, आम्हाला कौतुक. घरात सगळ्यांनी फोटोसुद्धा काढले. आठवड्यानं त्याला ताप आणि जुलाब सुरू झाले, शौचात रक्त दिसलं. आम्ही दोन दिवस घरगुती उपायात घालवले. दवाखान्यात नेलं तेव्हा डोळे खोल गेले होते. चार दिवस सलाईन. डॉक्टरांनी विचारलं, घरात कोंबड्या आहेत का? मला आधी त्या प्रश्नाचा रागच आला होता.

म्हणून आमच्या घरात आता असं आहे. पिल्लांचा गोल स्वयंपाकघरात नाही, माणसं झोपतात त्या खोलीत नाही. पडवीला आडोसा केला आहे. पिल्लांची भांडी घरातल्या मोरीत धुवायची नाहीत, बाहेर धुवायची. पडवीच्या खांबाला साबण टांगलेला आहे, जुन्या सॉक्समध्ये घालून, आणि शेजारी पाण्याचा डबा. पिल्लाजवळून उठलं की साबणानं हात, बोटांच्या मधून, नखांतून, वीसपर्यंत मोजत. नुसतं पाणी नाही, आणि राख किंवा मातीही नाही. मुका घ्यायचा नाही. गोलाजवळ बसून खायचं नाही. आणि लेकराला जुलाब लागलेच तर लगेच ओआरएस सुरू करा. ताप असेल, रक्त दिसेल, लेकरू मलूल होईल तर वाट न बघता दवाखाना. डॉक्टरांनी विचारायच्या आधी सांगा, घरात पिल्लं आहेत म्हणून.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. खोकं आल्यावर आधी पाणी, मग खाणं. उकळून कोमट केलेल्या पाण्यात थोडा गूळ घालायचा आणि प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवायची. त्याला पाणी कुठं आहे ते तेव्हाच कळतं. तेव्हाच मोजणी होते. मोजायचं काम पोरांचं. भांडं उथळ हवं, आणि त्यात स्वच्छ धुतलेले खडे घालायचे, नाहीतर पिल्लू त्यात पडून भिजतं. भिजलेलं पिल्लू म्हणजे गारठलेलं पिल्लू. खडे गोळा करायला पोरांना सांगा, अर्धा दिवस त्यात जातो. पहिल्या दिवशी मक्याचा बारीक भरडा किंवा तांदळाची कणी कागदावर पसरली तरी चालते. पण पुढं नुसत्या कणीवर पिल्लं वाढत नाहीत, पिसं धरत नाहीत. पहिले सहा-आठ आठवडे पिल्लांचं तयार खाद्य विकत घ्याच. तिथं काटकसर केली तर ती पुढं अंड्यांत वसूल होते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर ऊन असेल तेव्हा बाहेर सोडलीत की वाळवी, किडे, कोवळा पाला ती स्वतः शोधतात. तेव्हा राखणीला पोरं बसवा, पण सुट्टीच्या दिवशी. घार आणि बोका दोघांनाही माणूस नसलेली वेळ बरोबर कळते.

बघणाऱ्या पोराला आणखी तीन गोष्टी शिकवा. कुणा पिल्लाच्या मागं विष्ठा चिकटून वाळली आहे का? असेल तर आईला सांगायचं. आई कोमट पाण्याच्या कापसानं ती भिजवून काढेल. ओढून काढायची नाही. दुसरं, विष्ठेत रक्त दिसतं का? तीन ते सहा आठवड्यांच्या मधल्या पिल्लांना रक्ती हगवण लागते, ती बहुतेक ओल्या तुसामुळं. पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं तूस रोज उचललं की निम्मं काम होतं. आणि तिसरं, वास. पोर उकिडवं बसलं की त्याचं नाक पिल्लाच्या उंचीला येतं. त्याच्या डोळ्यांना झोंबलं, तर पिल्लांच्याही डोळ्यांना झोंबतंय. तूस हलवा, बदला, हवा खेळू द्या.

लसीचं आता नीट ऐका, कारण ऊब देऊन जगवलेली पिल्लं दोन महिन्यांनी मानमोडीनं एका आठवड्यात गेलेली मी बघितली आहेत. मानमोडी म्हणजेच राणीखेत, उत्तराखंडातल्या राणीखेत गावावरून नाव पडलेला रोग. एकदा लागला की औषध नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरोची. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास लासोटा परत. सहाव्या आठवड्यात देवीची, आणि आठव्या आठवड्यात आर टू बी, ती टोचून. तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचं वेळापत्रक एखाद-दोन दिवसांनी पुढंमागं असेल, तर त्यांचं धरा. कुपी शंभर-दोनशे पिल्लांना पुरेल अशी असते, आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून एकटीनं आणणं परवडत नाही. गटानं एकच दिवस ठरवा. लस बर्फात आणा, पहाटे किंवा दिवस मावळताना द्या. पोरांना काम आहे, बर्फाचा डबा सावलीत धरायचं आणि लस दिलेली पिल्लं मोजायचं. थेंब टाकायचं काम त्यांना नको. ही जिवंत लस असते. ती हाताला लागून तोच हात डोळ्याला गेला तर माणसाचाही डोळा लाल होऊन सुजतो.

मेलेलं पिल्लू पोरानं उचलायचं नाही. आपण प्लास्टिकची पिशवी हातात घालून उचलायचं, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं, कुत्र्याच्या तोंडी लागू द्यायचं नाही. एखादं-दुसरं मेलं तर तो पिल्लांच्या धंद्याचा भागच आहे. पण मोठ्या कोंबड्या एकदम पटापट मरायला लागल्या तर कशालाही हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला, देशातला पहिला. तेव्हापासून हे कळवणं लपवून ठेवायची गोष्ट राहिलेली नाही. कोंबड्या जातील म्हणून गप्प बसणाऱ्या बाईच्या घरातही पोरं असतात.

एक शंकरपाळ्याच्या आकाराची छोटी वही पोराला द्या. तारीख, किती पिल्लं, किती मेली, लस कधी, खाद्याचं पोतं कधी फोडलं. आमच्या गटात सगळ्यात बिनचूक हिशोब चौथीतल्या एका पोरीच्या वहीत निघाला. तिच्या आईच्या वहीत नाही, हे आईनंच हसत कबूल केलं.

आणि शेवटची गोष्ट, जी दवाखाना सांगत नाही. पोरं पिल्लांना नावं ठेवतात. माझ्या मोठ्या मुलानं एका कोंबड्याचं नाव ठेवलं होतं, तो शाळेच्या फाटकापर्यंत त्याच्या मागं जायचा. आखाडात गावठी कोंबड्याला भाव येतो, तसा तो आला, आणि मी पोर शाळेत असताना कोंबडा विकला. संध्याकाळी त्यानं खुराडं बघितलं आणि दोन दिवस जेवला नाही. मला वाटलं होतं शाळेत असताना विकला तर त्याला त्रास कमी होईल. ते चुकलंच. आता आम्ही पिल्लं आणतो त्याच दिवशी सांगतो की यातले कोंबडे विकायचे आहेत, तलंगा अंड्यांसाठी ठेवायच्या आहेत, आणि प्रत्येक पोरानं आपली एक निवडायची, ती विकायची नाही. नाव फक्त तिला ठेवायचं.

थोरलीनं यंदा एक तांबडी तलंग निवडली. पिल्लं बघायचं काम पोरगी करते आणि पैसे मात्र घरात कुठंतरी जातात, असं आमच्याकडंही चाललं होतं, म्हणून त्या तलंगीची अंडी तिचीच, असं ठरवलं. मार्गशीर्षात ती अंड्यावर आली. पहिलं अंडं तिनं विकलं नाही, आजीला दिलं. त्यानंतरची सगळी तिच्या वहीत लिहिलेली आहेत, किती रुपयाला गेली तेही.